वेदनेची चाल आणि वामनाची मुद्रा : नायगाव परिसरातील शाहिरी गीतांच्या निर्मितिप्रक्रियेचा विचार

मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या मध्यात जी गीतरचना झाली, तिच्याकडे मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी या गीतांना चळवळीचे साधन मानते आणि त्यांची नोंद सामाजिक इतिहासाच्या परिशिष्टात करते. दुसरी दृष्टी त्यांची तुलना भावगीताशी करते. कवीच्या अंतर्मनाचा आविष्कार त्यांत पुरेसा नाही, असे म्हणून ती त्यांना दुय्यम स्थान देते. दोन्ही दृष्टींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. व्यक्तीचे दुःख आणि समूहाचे गाणे या दोन वेगळ्या गोष्टी असून एकीची वाढ झाली की दुसरीची घट होते, असे ते गृहीतक होय. हे गृहीतक या गीतांच्या बाबतीत टिकत नाही. रचनाकाराच्या आयुष्यातील लाज, वियोग, उपासमार आणि भय यांचे स्वतंत्र गीतात रूपांतर होताना त्याला समूहाच्या मालकीचे रूप घ्यावे लागते आणि त्या रूपामुळेच त्याचा 'मी' शिल्लक राहतो, हा विचार प्रस्तुत लेखात नायगाव परिसराच्या संदर्भात आणि मुख्यतः वामनदादा कर्डक यांच्या रचनेच्या आधारे मांडावयाचा आहे.

१. खोली, बोळ आणि मैदान

कोणत्याही गीतप्रकाराचा विचार करताना तो कोठे गायिला गेला, हे पाहणे आवश्यक असते. परळ, भोईवाडा आणि दादर यांच्या मध्ये वसलेले नायगाव हे गिरण्यांच्या सावलीत वाढलेले आहे. स्प्रिंग मिल, कोहिनूर मिल यांसारख्या कापडगिरण्या येथून पायी जाण्याच्या अंतरावर होत्या. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या दशकात ज्या चाळी बांधल्या, त्या याच खात्याच्या आद्याक्षरांवरून बी.डी.डी. चाळी म्हणून ओळखल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणच्या मिळून २०७ चाळींपैकी ४२ चाळी नायगावात होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून जाणारा बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक नळ व शौचकूप, अशी त्यांची रचना.

या रचनेचा गीताशी निकटचा संबंध आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत एक कुटुंब राहत असे. पुष्कळदा गावाकडून आलेले चार-सहा नातेवाईकही त्याच खोलीत पाळीपाळीने झोपत. अशा ठिकाणी एकांत नावाची वस्तू नसते. घरातले भांडण बोळात ऐकू येते, मृत्यूचा आक्रोश चारही मजल्यांना कळतो आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हेही लपून राहत नाही. मध्यमवर्गीय भावकवितेने जो एकांत गृहीत धरला, तो येथे उपलब्ध नव्हता. त्यामुळे दुःखाचा उच्चार करताना ते कोणी ऐकेल किंवा न ऐकेल, असा विकल्पच रचनाकारापुढे नसे. ते ऐकले जाणारच होते. कोणत्या रूपात ऐकवावयाचे, एवढाच प्रश्न उरत असे.

दुसरी बाब मैदानाची. मुंबई इलाखा महार परिषद १९३६ च्या मे महिन्यात नायगाव येथेच भरली आणि ३१ मे १९३६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे धर्मांतराविषयीचे जे भाषण केले, ते पुढे 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध झाले. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेणारे आंबेडकरी जलसेही याच दशकात बहराला आले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग ही चौकट स्वीकारली. तिच्यातील देवस्तुती व शृंगार यांच्या जागी मात्र त्यांनी प्रबोधन आणले. परिणामी नायगाव-परळ भागात एक जाणता श्रोतृवर्ग तयार झाला. दीर्घ युक्तिवाद ऐकण्याची त्याला सवय होती, ढोलकी आणि तुणतुणे यांचा त्याला कान होता आणि रंगमंचावरील माणसाला अडवून प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तो मानत होता. पुढील गीतरचनेचा घाट घडविण्यात या श्रोत्याचा वाटा रचनाकाराच्या प्रतिभेइतकाच आहे.

२. लाजेपासून अक्षरापर्यंत

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईत आल्यावर मिळेल ते काम करीत त्यांनी दिवस काढले आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत त्यांचे वास्तव्य होते. पहिला संसार मोडला आणि लहानगी मुलगी दगावली. चित्रपटात नट होण्याची हौसही किरकोळ कामांपलीकडे गेली नाही. अपयशांची ही मालिका त्या काळातील कित्येक स्थलांतरित तरुणांची आहे. एवढ्यावरून कोणी कवी होत नाही.

त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग म्हणून जो सांगितला जातो, तो पत्राचा आहे. चाळीतील एका माणसाने आलेले पत्र वाचून दाखवण्यासाठी त्यांच्या हाती दिले. ते वाचता आले नाही, याचे दुःख त्यांना इतके झाले की ते रडले. पुढे देहलवी नावाच्या शिक्षकांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचीत जोडाक्षरांपर्यंत मजल मारली. हा प्रसंग चरित्रातील एक हृद्य आठवण म्हणून सांगून सोडून देण्याजोगा नाही. त्यातील लाज व्यक्तिगत आहे, पण तिचे कारण व्यक्तिगत नाही. पत्र देणाऱ्यालाही वाचता येत नव्हते, म्हणून तर त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिले. एका निरक्षराने दुसऱ्या निरक्षराकडे पाहावे आणि दोघांनाही आपले रिकामेपण कळावे, अशी ती घटना आहे. 'मला वाचता येत नाही' या वाक्यातून 'आपल्याला वाचू दिले गेले नाही' या वाक्याकडे जाण्याचा मार्ग येथे उघडतो. वामनदादांच्या पुढील गीतांमध्ये शिक्षणाविषयीची जी असोशी वारंवार येते, तिचा उगम उपदेशात नसून या लाजेत आहे. म्हणूनच ती ऐकणाऱ्याला उपदेशासारखी टोचत नाही.

१९४३ हे वर्ष त्यांच्या चरित्रात दोन कारणांनी महत्त्वाचे मानले जाते. नायगाव येथे बाबासाहेबांना त्यांनी प्रथम पाहिले आणि ऐकले ते याच वर्षी, असे सांगतात. त्यांची पहिली गीतरचनाही याच वर्षातली, आणि ती एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होती. म्हणजे आयुष्यभर हजारो गीते रचणाऱ्या या कवीची सुरुवात उसन्या चालीवर झाली. येथेच 'स्वतंत्र गीत' कशाला म्हणावे, हा प्रश्न उपस्थित होतो.

३. उसनी चाल आणि स्वतंत्र रचना

आंबेडकरी गायन पार्ट्यांनी चित्रपटगीते, कव्वाल्या, लावण्या आणि भजने यांच्या चाली मोकळेपणाने वापरल्या. या कारणास्तव या गीतांच्या स्वतंत्रतेविषयी शंका घेतली जाते. ही शंका निवडक आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' (१८८०) आणि 'संगीत सौभद्र' (१८८२) या नाटकांतील अनेक पदे प्रचलित चालींवरच बेतलेली होती आणि पदाच्या शिरोभागी मूळ चालीचा निर्देश करण्याची पद्धत मराठी संगीत नाटकाच्या संहितांत रूढ होती. किर्लोस्करांना त्याबद्दल कोणी अनुकरणकार म्हटले नाही. ओवी आणि अभंग यांचे छंद तर कोणा एका कवीचे नव्हेतच. मराठी गीतपरंपरेत चाल ही बहुधा सामाईक विहिरीसारखी राहिली आहे. ज्याच्या हाती पोहरा असेल त्याने पाणी काढावे. येथे प्रश्न विहिरीचा नसून तिच्यावर येऊ कोणाला दिले जात होते याचा आहे, आणि ही गीते ज्या समाजातून आली त्याला त्याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्यापासून, म्हणजे १९२७ पासून, ठाऊक होते.

ओळखीच्या चालीचे कार्य काय, हे प्रयोगाच्या अंगाने पाहिले असता स्पष्ट होते. चाल परिचित असली की श्रोता पहिल्याच कडव्याला झील धरू शकतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या श्रोत्याला संहिता हाती लागत नाही. त्याला गीत पाठ करूनच घरी न्यावे लागते आणि परिचित चाल हे त्या पाठांतराचे साधन होय. रचनाकाराच्या दृष्टीनेही तिचे महत्त्व आहे. ज्याचे दुःख अद्याप ताजे आहे त्याला ते मोकळ्या शब्दांत सांगता येत नाही. त्याचा कंठ दाटतो. मात्रांची ठरलेली मोजणी, यमकाची अट आणि सम गाठण्याची घाई यांमुळे त्याला आपल्या दुःखापासून हातभर दूर उभे राहावे लागते. हे हातभर अंतर हीच निर्मितीची जागा. टी. एस. एलियट यांनी भावनेला वस्तुनिष्ठ प्रतिरूप सापडल्याशिवाय कलेत तिची अभिव्यक्ती होत नाही, असे प्रतिपादन केले. जलशाच्या कवीला हे प्रतिरूप शोधावे लागत नाही. त्याच्या समाजाने ते चालीच्या, धृपदाच्या आणि दाखल्याच्या रूपाने आधीच घडवून ठेवलेले असते. त्यात आपले काय भरावयाचे, ते त्याला ठरवावे लागते.

धृपदाचे कार्य याहून वेगळे आहे. कडवे एकटा गायक म्हणतो आणि धृपद सर्वजण म्हणतात. कडव्यात 'मी' असला तरी तो धृपदाशी पोचेपर्यंत अनेकांच्या तोंडी जातो. एका माणसाच्या उपाशी रात्रीचे वर्णन करणाऱ्या कडव्यानंतर शंभर माणसे एका स्वरात तेच धृपद उचलतात, तेव्हा त्या रात्रीची मालकी बदलते. ती आता एकट्याची नसते. उद्योगपतींची नावे घेऊन श्रमणाऱ्याचा वाटा कोठे गेला, असा प्रश्न करणाऱ्या वामनदादांच्या सुप्रसिद्ध गीतात हा व्यापार उत्तम रीतीने दिसतो. प्रश्न एकाचा आहे, पण तो विचारला जातो सर्वांच्या मुखाने.

४. मुद्रेचे प्रयोजन

समूहात एवढे विरघळल्यानंतर कवीचे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर नाममुद्रेत आहे. वामनदादांच्या बहुसंख्य गीतांत अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. संतांच्या अभंगातील 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे' या मुद्रांशी तिचे नाते उघड आहे. वामनदादांना गझलेचेही आकर्षण होते, त्यामुळे गझलेतील तखल्लुसाचा संस्कारही तिच्यावर असणे स्वाभाविक आहे.

मुद्रा ही केवळ स्वामित्वाची खूण नव्हे. तुकारामांच्या आयुष्यात १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने पत्नी व मुलगा हिरावले. त्यांच्या अभंगांतील 'तुका' हे त्या संसाराचे भग्नावशेष अंगावर वागवणाऱ्या माणसाचे नाव आहे. त्याच्या अभंगात सर्वांना स्थान आहे, पण साक्ष देणारा एकच आहे. 'वामन' या मुद्रेचे कार्य असेच साक्षीचे आहे. गीतभर जे सांगितले ते समाजाचे आहे, परंतु सांगणारा हाच, हे त्याने भोगलेले आहे, अशी ग्वाही ती अखेरीस देते. मुद्रेत कवी स्वतःला तृतीय पुरुषात संबोधतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतःचे नाव घेऊन स्वतःकडे बाहेरून पाहण्याची ही सोय, दुःखापासून हातभर दूर उभे राहण्याच्या क्रियेचा शेवटचा टप्पा ठरते. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे वामनदादांच्या आत्मकथनाचे शीर्षक या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जीवन 'माझे' आहे आणि त्याचे जे झाले ते 'गाणे'.

या प्रक्रियेचा कस लागला तो ६ डिसेंबर १९५६ नंतर. बाबासाहेबांच्या निधनाने लक्षावधी घरांत एकाच दिवशी सुतक आले. त्यानंतरच्या गीतांत बाबासाहेब बाप म्हणून, माय म्हणून, घरातले कर्ते माणूस म्हणून येतात. ज्यांनी स्वतःच्या घरातील मृत्यू पाहिले होते, त्यांना या सार्वजनिक शोकासाठी नवी भाषा घडवावी लागली नाही. घरातील शोकाची भाषाच तेथे उपयोगी पडली. व्यक्तीचे दुःख समूहाकडे जाते तसेच समूहाचे दुःखही व्यक्तीच्या शब्दांत परत येते, याचे हे उदाहरण आहे. नायगावापासून दादरची चैत्यभूमी जवळ आहे. दरवर्षी सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या पदपथांवर विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिकांनी आणि पुढे ध्वनिफितींनी ही भाषा खेडोपाडी पोचवली.

५. भयाची वाट : बतावणी

दुःखाचे रूपांतर आणि भयाचे रूपांतर यांत भेद करणे आवश्यक आहे. दुःख घडून गेलेल्या गोष्टीचे असते. भय पुढे ठाकलेल्या गोष्टीचे. गिरणगावातील माणसाचे भय मोघम नव्हते, त्याला चेहरे होते. कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर, दारात उभा राहणारा पठाण किंवा सावकार, गावाकडचा पाटील, मोर्चात लाठी उगारणारा शिपाई हे ते चेहरे. जलशात या भयाची वाट बहुधा करुण गीताकडे जात नाही. ती बतावणीकडे जाते. बतावणीत सोंगाड्या या भयप्रद माणसाचे सोंग आणतो, त्याच्या भाषेची नक्कल करतो, त्याला शब्दांत पकडतो आणि श्रोते हसतात. ज्याच्यासमोर दिवसा मान वर करता येत नाही, त्याला रात्री शंभर माणसांनी हसावे, हे भयाचे निर्मूलन नसले तरी त्याचा आकार त्यामुळे लहान होतो.

बतावणीनंतर येणारे गीत हे या हास्याने मोकळ्या झालेल्या श्रोत्यासाठी असते. शाहिरी गीतांचे स्वतंत्र पुस्तकरूपात वाचन करताना त्यांतील आवाहनात्मक ओळी उच्चरवाच्या वाटतात, याचे एक कारण असे की त्यांच्या आधीचे हसणे पुस्तकात छापले जात नाही. वामनदादांच्या गीतात वादळात टिकून राहणाऱ्या दिव्यांची जी प्रतिमा आहे, तिच्यातही भयाचा नकार नाही. वादळ आहे हे मान्य करूनच ती उभी राहते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल उसळली तेव्हा वादळ हा शब्द चाळकऱ्यांना अलंकार वाटण्याचे कारण नव्हते.

६. तुलनेसाठी अण्णाभाऊ

हीच प्रक्रिया कामगार चळवळीच्या शाहिरीत कशी घडते, हे अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीच्या आधारे पाहता येते. वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईस आलेल्या अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाचे वर्णन आहे. पोटासाठी शहरात आलेल्या प्रत्येक चाकरमान्याला ते आपलेच वाटावे असे आहे. रचना पुढे सरकते तशी ही ताटातूट संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाशी जोडली जाते आणि मैना हे त्या भूमीचे नाव होते.

येथे विरहाचा वापर राजकारणासाठी केला आहे असे म्हणणे उथळपणाचे होईल. स्थलांतरिताच्या लेखी भूगोल हाच विरहाचा आशय असतो. पत्नी आणि गाव यांची त्याच्या मनात विभागणी झालेली नसते. छक्कड या शृंगाराशी परिचित असलेल्या प्रकाराने त्याला ही अविभागलेली भावना तशीच मांडण्याची सोय दिली. वामनदादा आणि अण्णाभाऊ यांच्यात एक भेद मात्र नोंदवावयास हवा. अण्णाभाऊंच्या छक्कडीत 'मी' रूपकाच्या द्वारे समूहाकडे जातो. वामनदादांच्या गीतात तो साक्षीच्या द्वारे जातो. पहिल्याचे मूळ लावणीत आहे, दुसऱ्याचे अभंगात.

७. या प्रक्रियेची मर्यादा

व्यक्तिगत दुःखाचे गीत झाले म्हणजे दुःख संपले, असा निष्कर्ष या विवेचनातून काढू नये. अलीकडे कलेकडे मनाच्या औषधाप्रमाणे पाहण्याची प्रवृत्ती वाढली आहे. शाहिरांची आयुष्ये त्या समजुतीला दुजोरा देत नाहीत. अण्णाभाऊंचे १८ जुलै १९६९ रोजी निधन झाले ते हलाखीतच. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारानंतर अवघ्या चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. ज्याने आयुष्यभर इतरांना धीर देणारी गीते गायिली, त्याला त्या आठवड्यात कोणते गीत पुरे पडले नाही, याचे उत्तर साहित्यविचाराकडे नाही. एवढेच म्हणता येते की या परंपरेत धृपद उचलणारे इतर असावे लागतात. झील धरणारे पांगले की कडवे म्हणणारा एकटा उरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार सहभागी असलेल्या गिरणीसंपानंतर गिरणगावात जी पांगापांग झाली, तिने केवळ रोजगार नेला नाही. धृपद उचलणारा श्रोताही तिने नेला.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. व्यक्तिगत संघर्षाचे गीतात रूपांतर होताना शाहिरी परंपरेत सामाईक चाल रचनाकाराला दुःखापासून आवश्यक ते अंतर देते. धृपद त्या दुःखाची मालकी समूहाकडे सोपवते, बतावणी भयाचा आकार कमी करते आणि मुद्रा भोगणाऱ्याची साक्ष कायम ठेवते. या चारही घटकांचा एकत्रित विचार केल्याशिवाय गीताच्या स्वतंत्रतेविषयी निर्णय देता येणार नाही. या गीतांचे स्वातंत्र्य चालीच्या नवेपणात शोधू नये. सामाईक रूपात कोणी कोणती साक्ष ठेवली, यात ते शोधावे लागते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक प्रश्न निर्माण होतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ही गीते बहुधा छापील संहितेच्या रूपाने येतात आणि तेथे त्यांची चाल, झील व बतावणी गळून पडते. वामनदादांचे १५ मे २००४ रोजी निधन झाले. त्यांच्यासमवेत झील धरणाऱ्या पिढीतील माणसे आता वृद्ध झाली आहेत. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास होत असताना ज्या बोळांत आणि पटांगणांत ही गीते उमटली त्या जागांचे स्वरूपही पालटत आहे. गीतपुस्तिका, ध्वनिफिती आणि विशेषतः श्रोत्यांच्या आठवणी यांचे पद्धतशीर संकलन महाविद्यालयीन विभागांनी हाती घेतले, तरच पुढील अभ्यासकाला ही गीते ऐकू येतील. अन्यथा त्याला फक्त कडवी वाचावयास मिळतील आणि धृपद कोण म्हणत होते, हे कळावयाचे राहून जाईल.